सुई जागेवरच आहे

(सोलापुरात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, समुद्रातल्या ज्वालामुखी बेटांवर व्याख्यान, आणि तेही सोलापुरात, म्हणून संयोजकांनाच जरा संकोच वाटत होता. आपल्याकडचं बेट म्हणजे तलावातलं सिद्धेश्वराचं देऊळ. त्यापलीकडे बेटांशी आपला संबंध काय? मी म्हटलं, संबंध आहे, आणि तो विहिरीत आहे.

इथे ज्यांनी विहीर खणलीय त्यांना क्रम पाठ असेल. वर काळी माती, मग मुरूम, मग भोकाभोकांचा मांजऱ्या, आणि मग तो काळा पाषाण, जो सुरुंगाशिवाय दाद देत नाही. तो फोडला की कधी कधी तांबडा पट्टा लागतो आणि खाली पुन्हा मांजऱ्या, पुन्हा पाषाण. यातला एकेक जोड म्हणजे लाव्हाचा एकेक लोट. लोटाच्या माथ्याशी वायूचे बुडबुडे अडकले, तो मांजऱ्या. पोटात सावकाश निवलं, तो पाषाण. तांबडा पट्टा म्हणजे दोन लोटांमधल्या निवांत काळात तयार झालेली माती, पुढच्या लाव्हाने वरून भाजलेली. 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीला शास्त्रज्ञांनी खोल छिद्र घेतलं, तेव्हा 338 मीटर बेसाल्ट, म्हणजे हाच लाव्हाचा काळा दगड, ओलांडल्यावर त्याखालचा जुना खडक लागला. महाबळेश्वरकडे तर ही चळत किलोमीटरहून जाड आहे.

हा लाव्हा साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा भारत आशियाला चिकटलेला नव्हता. विषुववृत्ताच्या दक्षिणेला, चहूकडे पाणी, म्हणजे आपणच एक बेट होतो म्हणा ना! त्या वेळी आपण ज्या जागेवरून जात होतो, तिच्या आसपास आज रियुनियन नावाचं बेट आहे. सोलापूरपासून साडेचार हजार किलोमीटरहून लांब, मादागास्करच्या पूर्वेला, फ्रान्सच्या ताब्यात. तिथला पितों द ला फुर्नेज हा ज्वालामुखी जगातल्या सर्वांत जागत्या ज्वालामुखींपैकी एक. एप्रिल 2007 मध्ये त्याच्या विवराचा तळ तीनशे मीटरहून जास्त खचला आणि लाव्हा हमरस्ता ओलांडून थेट समुद्रात उतरला.

गणवेश शिवणाऱ्या गावात हे समजावणं सोपं आहे. शिलाई मशीनची सुई जागा सोडत नाही, कापड सरकतं, आणि टाक्यांची ओळ उमटते. पृथ्वीच्या पोटातून उसळणारा उष्ण प्रवाह ही सुई, भूकवच हे कापड. फक्त इथे सुई खालून टोचते. तुझो विल्सन या कॅनडाच्या भूशास्त्रज्ञाने 1963 मध्ये हवाई बेटांबद्दल ही कल्पना मांडली. आपल्या बाबतीत पहिला टाका अवाढव्य पडला. प्रवाहाचं फुगलेलं डोकं आधी आलं, त्यातून दख्खन झालं, पुढे उरली बारीक शेपटी. तिचे टाके म्हणजे लक्षद्वीप, मालदीव, चागोस. 1987 मध्ये संशोधकांच्या जहाजाने या रांगेवर समुद्रतळात छिद्रं घेतली. मालदीवखालचा बेसाल्ट निघाला सुमारे 5.7 कोटी वर्षांचा, चागोसचा 4.9 कोटी. मग मध्येच कापड उसवलं. समुद्रतळ जिथे दुभंगून नवा होतो ती कड सुईवरून सरकली, आणि पुढचे टाके आफ्रिकेच्या बाजूच्या कापडावर पडले. मॉरिशस त्यातलं, 80-90 लाख वर्षांचं. रियुनियन तर जेमतेम 20 लाखांचं, शेंडेफळच.

मॉरिशसला एकोणिसाव्या शतकात मजुरीसाठी गेलेल्या मराठी माणसांचे वंशज आहेत, अजून गणपती बसवतात. सह्याद्रीच्या दगडावरून उठून त्याच सुईच्या दुसऱ्या टाक्यावर जाऊन बसले. मला यात फार मौज वाटते.

एक शंका रास्त आहे. लक्षद्वीपला जाऊन आलेले म्हणतील, तिथे काळा दगड कुठाय? नुसती पांढरी वाळू! याचं उत्तर डार्विनने 1842 मध्ये दिलं होतं. गरम जागेवरून पुढे गेलेलं भूकवच थंड होतं, जड होतं, खाली बसतं. बेटही बुडू लागतं. पण काठावरच्या प्रवाळांना उजेड हवा, म्हणून ते वर वर बांधत राहतात. डोंगर बुडतो, कडं उरतं. डार्विनला पुरावा हाती नव्हता. तो मिळाला 1952 मध्ये, पॅसिफिकमधल्या एनिवेटोक कंकणद्वीपावर. सव्वा किलोमीटरहून जास्त प्रवाळखडक छेदल्यावर खाली बेसाल्ट लागला. मला विचाराल तर भूशास्त्रातलं याहून देखणं भाकीत नाही.

समुद्रातली सगळीच बेटं अशी नाहीत. सेशेल्सची मुख्य बेटं ग्रॅनाइटची, भारतापासून तुटलेला तुकडा. अंदमानजवळचं बॅरन ज्वालामुखीच आहे, पण तिथे भूकवचाचा एक मोठा तुकडा, म्हणजे भूपट्ट, दुसऱ्याखाली शिरतो, म्हणून. आणि हेही सांगायला हवं की खोलातून येणारा असा प्रवाह न मानणारे भूशास्त्रज्ञ आहेत, आपल्या देशातही आहेत. मला छिद्रांमधून निघालेली ती उतरती वयं जास्त पटतात.

शेवटी मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं, “तिथं बोअरला पाणी लागतं का?” आजोबा, रियुनियनवर जानेवारी 1966 मध्ये एका ठिकाणी चोवीस तासांत 1,825 मिलिमीटर पाऊस पडला. आपला तीन वर्षांचा म्हणा. पण फुर्नेजच्या अंगावर ओढे फारसे दिसत नाहीत. ताजा लाव्हा भेगाभोकांचा, पाणी पडलं की आत. आपल्या मांजऱ्यातली भोकं बरीचशी गारगोट्यांनी बुजलीत. म्हणून तुमच्या बोअरला भेग गाठावी लागते, आणि ती शेजारच्याच्या रानात निघते.