धाब्याचं घर आणि भरिताचा हंगाम

(सातपुड्याचा पायथा. केळीच्या बागा, सकाळचं धुकं.)

मे महिन्यात अंगाची लाही करणारा हाच तो खानदेश. डिसेंबर लागला, की यावल-रावेर पट्ट्यात रात्री पारा भराभर उतरतो आणि शेताशेतांत शेकोट्या दिसू लागतात. भुसावळ जंक्शनला उतरायचं, तापी ओलांडायची, की फैजपूरचा रस्ता लागतो. 1936 साली काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन याच फैजपूरचं. पुढचे दोन-अडीच महिने या वाटेने पाहुणे येतात ते भरीत खायला आणि शेतावर धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात मुक्काम करायला.

(वांग्याचं शेत, तोडणी.)

हे भरिताचं वांगं. रंग फिकट हिरवा, अंगावर पांढुरक्या रेघा. जळगावच्या या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. तोडणारा हात आधी वजन बघतो. आकाराने मोठं पण हाताला हलकं, ते भरिताचं. जड लागलं तर आत बी धरलंय, असं वांगं भाजीला जातं. सालीवर बारीक छिद्र दिसलं, तर फळ पोखरणारी अळी शिरलेली असते. ते तिथेच बाजूला काढायचं, नाहीतर एक किडकं वांगं अख्ख्या भरिताची चव बिघडवतं. चातुर्मासात वांगं वर्ज्य मानणारी घरं चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवतात आणि मगच हंगाम धरतात.

(कपाशीच्या काड्यांचा ढीग. आगटी.)

भाजायला पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्या. तुरकाट्या, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्याही चालतात, गॅस मात्र चालत नाही. गॅसच्या आचेवर साल एका जागी करपते आणि देठाकडचा गर कच्चाच राहतो. काडी भरकन पेटते, ज्वाळा वांग्याला चारही बाजूंनी धरते. साल जळते आणि गर आतल्या आत स्वतःच्या वाफेवर शिजतो. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेलं पीक, न घेता डिसेंबरअखेर कपाशीचं शेत मोकळं करा, म्हणजे गुलाबी बोंडअळीला थारा मिळत नाही, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. उपटलेल्या त्या काड्यांची अशी सोय लागते.

आधी प्रत्येक वांग्याला सुरीने दोन-तीन टोचे. हे विसरलं, की वाफ कोंडून वांगं फुटतं आणि गर राखेत. वीतभर काड्यांचा थर, त्यावर वांगी एकाला एक लागून, वर पुन्हा पातळ थर, आणि आग वाऱ्याच्या बाजूने लावायची. लांब काठीने एकदा-दोनदा उलथायची. काडी ओलसर असेल तर ज्वाळा धरत नाही, नुसता धूर होतो आणि तो कडवटपणा भरितात उतरतो. देठाजवळ काठी टेकवून बघा. सहज रुतली की झालं.

(बडगीचा जवळून शॉट. मुसळाचा आवाज तसाच ठेवावा.)

साल गरम असतानाच निघते; थंड झालं की गराला चिकटून बसते. बोटं पाण्यात बुडवत हे काम चालतं. देठ धरून गर सोलायचा आणि बडगीत, म्हणजे ठेचायच्या लाकडी भांड्यात टाकायचा. किलोभर वांग्याला आठ-दहा भाजलेल्या हिरव्या मिरच्या, मूठभर लसूण, मीठ. मिरची-लसूण आधी ठेचायचा, गर नंतर. मिक्सरमध्ये याची पेस्ट होते. बडगीत मात्र गराचा धागा राहतो, आणि भरीत म्हणतात ते त्या धाग्यालाच.

कढईत तेल सढळ. शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, मग बारीक चिरलेली कांद्याची पात जुडीभर, शेवटी ठेचलेला गर आणि कोथिंबीर. हळद नाही, लाल तिखट नाही, टोमॅटो तर नाहीच. कडेने तेल सुटेपर्यंत परतायचं.

सोबत कळण्याची पुरी. चार वाट्या ज्वारीला एक वाटी सालासकट उडीद, मीठ घालून दळलेलं हे पीठ. कोमट पाण्याने घट्ट भिजवायचं, कारण सैल झालं की पुरी तेल पिते. पान केळीचं, त्याच बागेतलं.

(धाब्याचं घर: बाहेरून, मग आत. छताकडे कॅमेरा.)

मुक्काम या घरात. वर सागाचे सरे, म्हणजे तुळया, त्यावर किलचन, म्हणजे लाकडाच्या चिपा, मग काडीकचऱ्याचा थर, माती, आणि सगळ्यात वर खारी माती. हे धाबं. जाड मातीच्या भिंती दिवसभराचं ऊन धरून ठेवतात आणि रात्री हळूहळू सोडतात. बाहेर हुडहुडी भरली, तरी आत एका गोधडीवर भागतं.

पावसाळ्याच्या तोंडावर दरवर्षी खारी माती पसरावी लागते. ओली झाली की ती फुगून फटी बुजवते. वर उगवलेलं गवत उपटलं नाही, तर मुळांच्या वाटेने पाणी आत येतं. उंदराचं एक बीळ अख्खी खोली गळवू शकतं. ही निगा ठेवणारी माणसं कमी झाली, म्हणून धाबी उतरवून सिमेंटचे स्लॅब टाकले जाताहेत.

राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 साली आलं. शेतकऱ्याला शेतावर पाहुणे ठेवायचे, तर त्याखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते. नव्या सिमेंटच्या खोल्या बांधण्याआधी उभं धाबं दुरुस्त करावं. पाहुणा त्यासाठीच येतो, आणि खर्चही कमी लागतो.

(हतनूरचा जलाशय, पक्षी. पालचा घाट.)

दुसरा दिवस मोकळा असेल तर हतनूर धरणावर हिवाळी पाहुणे पक्षी, नाहीतर रावेरवरून पाल गावाकडचं जंगल.

मुक्कामाला जाणार असाल, तर माणसं किती ते आदल्या दिवशी दुपारपर्यंत कळवा. माणशी अर्धा किलो वांगं धरतात आणि ते सकाळीच तोडतात. उशिरा कळवलं, की बाजारातून आणलेल्या शिळ्या वांग्यावर वेळ येते. त्याचा गर काळा पडलेला असतो. पोहोचायचं ते ऊन उतरायच्या आत, कारण आगटी अंधार पडण्याआधी पेटते.