चावी परत दिली, कर्जाचं काय?

श्रोतेहो, नमस्कार.

कर्ज काढून जुनी गाडी घेतलेला माणूस काही महिन्यांतच वैतागलेला दिसतो. कधी गिअर अडकतो, कधी घरातली मिळकत कमी होते. मग तो म्हणतो, 'हप्ता नको नि गाडीही नको, डीलरच्या दारात लावून येतो.' कृपा करून असं करू नका. गाडी डीलरनं विकली, पण पैसे बँकेनं किंवा फायनान्स कंपनीनं दिलेत. हे दोन करार वेगळे आहेत. चावी डीलरकडं गेली तरी हप्ता तुमच्याच खात्यातून जात राहतो.

आता हिशेब बघू. पाच लाखांची गाडी, एक लाख रोख भरले, चार लाख कर्ज, व्याज 14 टक्के, मुदत पाच वर्षं. हप्ता बसतो साधारण 9,300 रुपये. वर्षभर न चुकता भरलात, म्हणजे 1,11,000 च्या वर गेले. वाटतं, कर्ज तीन लाखांच्या खाली आलं असेल. कर्जासोबत मिळालेला हप्त्यांचा तक्ता काढा. त्यात मुद्दल आणि व्याजाचे वेगळे रकाने असतात. पहिल्याच हप्त्यातले 4,667 रुपये व्याजात गेलेले दिसतील. वर्षाअखेरीस देणं उरतं 3,40,000 च्या वर.

डीलर त्या गाडीचे तीन लाख देतो म्हणाला, तर वरचे चाळीस हजार तुमच्या खिशातून. मुदतीआधी कर्ज बंद करण्याचा आकार करारात पाच टक्के असेल तर आणखी सतरा हजार, त्यावर 18 टक्के जीएसटी. सगळे मिळून साठ हजारांच्या आसपास. सुरुवातीला भरलेला लाख तर गेलाच.

हे न भरता नुसते हप्ते थांबवले तर दंड चढतो, सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारा गुणांक, घसरतं आणि उद्या घराच्या कर्जाला अडचण येते. गाडी ओढून नेऊन लिलावात विकली, तरी कमी पडलेली रक्कम तुमच्याकडूनच वसूल होते. आणि आपल्याकडं पतसंस्थेचं कर्ज म्हटलं की जामीनदार आलाच. तुमचा हप्ता थकला की नोटीस त्या बिचाऱ्या मेव्हण्याच्या किंवा मित्राच्या घरी जाते. मला सगळ्यात जास्त वाईट याचंच वाटतं.

डीलर 'फायनान्स मी क्लोज करतो' म्हणाला, तर पैसे थेट तुमच्या कर्जखात्यात भरायला लावा. आधी बँकेकडून कर्ज बंद करायची रक्कम लेखी मागा. कर्ज फिटलं की बँकेचा ना-हरकत दाखला (एनओसी) आणि बोजा काढण्याचा फॉर्म 35 घेऊन आरसीवरचा, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावरचा, कर्जाचा बोजा उतरवा. आरसी तुमच्या नावावर असताना त्या गाडीनं अपघात केला, तर भरपाईसाठी तुम्हालाच कोर्टात ओढलं जातं. सुप्रीम कोर्टानं 2018 मध्ये हे स्पष्ट केलंय. अधिकृत डीलरकडं गाडी सोपवताना फॉर्म 29सी, म्हणजे गाडी सोपवल्याची सूचना, भरण्याची सोय 1 एप्रिल 2023 पासून आहे. त्यानं जबाबदारी डीलरकडं जाते, म्हणून तो फॉर्म भरल्याशिवाय चावी हातातून सोडू नका.

दोष लपवून गाडी विकली असेल तर गोष्ट वेगळी. 2019 आणि 2021 मध्ये पंचगंगेचं पाणी कोल्हापूर शहरात शिरलं, तेव्हा कितीतरी गाड्या बुडाल्या. जुनी गाडी बघताना सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. पट्ट्याच्या तळाच्या भागावर चिखलाची रेघ दिसली, तर ती गाडी पाण्यात होती असं समजा. घेतल्यावर असं कळलं, तर डीलरला लेखी कळवा, गॅरेजचा अहवाल जोडा आणि जिल्हा ग्राहक आयोगात जा. मुदत दोन वर्षांची आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी लागत नाही. मात्र निकाल लागेपर्यंत हप्ता थांबवू नका. बँकेचा करार त्या भांडणात थांबत नाही.