कुस्ती कानानं बघणारी माणसं

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय ‘आपल्या भागातला रेडिओ आणि खेळ’. पण मी सुरुवात करणार आहे ती आपल्याकडं रेडिओ केंद्र नव्हतं त्या दिवसांपासून.

२३ जुलै १९२७ ला मुंबईत रेडिओ केंद्र सुरू झालं. बरोबर पंचवीस वर्षांनी, २३ जुलै १९५२ ला, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत कुस्तीचं ब्राँझपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याच वर्षी फेब्रुवारीत भारतानं मद्रासला इंग्लंडला हरवून पहिला कसोटी विजय मिळवला, तेव्हा कप्तान होते आपल्या सांगलीत जन्मलेले विजय हजारे. सहा महिन्यांत कृष्णाकाठच्या दोन माणसांनी एवढं केलं, आणि सातारा-सांगली-कोल्हापूर या सगळ्या पट्ट्यात तेव्हा एकही रेडिओ केंद्र नव्हतं. पुण्याचं केंद्रसुद्धा पुढच्या वर्षीचं, १९५३ चं. खाशाबांना परदेशी धाडायला लोकांनी वर्गणी काढली, पण त्या लोकांच्या कानावर ती कुस्ती पडावी अशी सोय नव्हती. मला याची आजही हळहळ वाटते.

सांगलीला आकाशवाणी आली ६ ऑक्टोबर १९६३ ला. आमच्या पिढीच्या तोंडात बसलेला आकडा म्हणजे १२५१ किलोहर्ट्झ. मध्यम लहरींचं वागणं दिवसा एक, रात्री एक. दिवसा त्या जमिनीलगत जातात, म्हणून जवळचं केंद्र खणखणीत लागतं. सूर्य मावळला की वातावरणाचा वरचा थर त्यांना परत खाली धाडतो, मग लांबलांबची केंद्रं येऊन मिसळतात. संध्याकाळी समालोचन ऐकताना मधेच कुठलं तरी अनोळखी गाणं घुसायचं ते त्यामुळं. आमच्या गल्लीतल्या शिंप्याकडं ट्रान्झिस्टर होता. तो माणूस एका हातानं कापड सरकवायचा आणि दुसऱ्या हातानं ट्रान्झिस्टर फिरवत राहायचा. कधी खिडकीकडं तोंड, कधी भिंतीकडं. आम्हा पोरांना वाटायचं त्याला सवयच आहे. पुढं कळलं की मध्यम लहरींची अँटेना म्हणजे डब्याच्या आत बसवलेली एक कांडी असते, आणि ती कांडी केंद्राच्या दिशेला आडवी आली की आवाज सुधारतो. शिंप्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. आवाज ऐकून ऐकून त्यानं ते शोधलं होतं.

त्याच दुकानात आम्ही बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकलं. क्रिकेट आपल्याकडं साहेबाच्या भाषेत आलं. ते मराठीत सांगायचं तर शब्द रुळवावे लागले: षटक, यष्टिरक्षक, पायचीत, धावचीत, निर्धाव. आज हे शब्द पोरं जन्मापासून आपले म्हणून वापरतात. कुणीतरी ते माइकसमोर रोज उच्चारले म्हणून ते आपले झाले.

कुस्तीचं मात्र उलटं आहे, आणि मला आज सांगायचंय ते हेच. कुस्तीचे शब्द आधीपासून लोकांकडंच होते. खडाखडी म्हणजे सुरुवातीची झटापट चालू असते, कुणी पट काढतो म्हणजे पायाला हात घालतो, कुणी मागं जाऊन कब्जा घेतो, हे एवढ्या वेगात होतं की वाक्य पुरं करायला सवड नसते. मग सांगणारा काय करतो? नुसतं डावाचं नाव घेतो. ‘ढाक!’ एवढंच. ऐकणाऱ्याला पुढचं सगळं दिसतं, कारण त्यानं तालमीत ती ढाक स्वतः खाल्लेली असते. ‘धोबीपछाड’ म्हटलं की धोबी दगडावर कपडा आपटतो तसा खांद्यावरून गेलेला गडी डोळ्यांपुढं येतो. कलाजंग, घिस्सा, एकलंगी, एकेका नावात पाच-सहा हालचाली बांधलेल्या आहेत. कुस्तीचं समालोचन सांगणारा अर्धं करतो, उरलेलं अर्धं ऐकणारा.

हे शिक्षण रेडिओनं दिलं नाही, ते कुस्तीच्या मैदानांनी दिलं. कुंडलच्या मैदानात निवेदक ध्वनिक्षेपकावर बोलतो तेव्हा हलगी एकीकडं, त्याचा आवाज एकीकडं. गडी कुठल्या गावचा, कुठल्या तालमीचा, वस्ताद कोण, मागं कुणाला चितपट केलं, सगळं तोंडपाठ. लांब बांधावर बसलेल्या म्हाताऱ्याला आखाडा धड दिसत नाही, पण तो बरोबर वेळेला मांडीवर थाप मारतो. पुनवतचे गणपतराव आंदळकर, कवठेपिरानचे मारुती माने हे पैलवान याच सांगली जिल्ह्याचे. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत दोघांनीही सुवर्ण आणि रौप्य आणलं. सांगली केंद्र सुरू झालं ते याच्या पुढच्याच वर्षी. म्हणजे केंद्र आलं तेव्हा ऐकणारे तयार होते.

न्यूयॉर्कला १९८७ साली चोवीस तास फक्त खेळावर बोलणारं केंद्र निघालं. आपल्याकडं तसं झालं नाही. शेती, बातम्या, नाट्यगीतं, त्यातच खेळाला जागा. मला त्यात कमीपणा वाटत नाही. कांद्याचा भाव ऐकायला बसलेल्या माणसाच्या कानावर कुस्तीचा निकालही पडायचा. पण एक गोष्ट आपण सगळ्यांनी मिळून केली नाही. मैदानांतले हे आवाज कुणी जपून ठेवले नाहीत.

माझ्या मामांनी ठेवले होते. मैदानात टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन बसायचे, कर्ण्याच्या बरोबर खाली. बावीस कॅसेट. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आमच्या तळमजल्यात चार दिवस राहिलं. पाणी ओसरल्यावर मी त्या कॅसेट गच्चीवर वाळत घातल्या. स्क्रू काढून, फीत हातानं सोडवून, सुती फडक्यानं चिखल पुसत. बहुतेक फितींचा तपकिरी थर फडक्यालाच आला. एक वाचली, तीही साधारण अकरा मिनिटं.

तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर, ट्रंकेत अशी कॅसेट असेल तर कृपा करून ती वाजवून बघू नका, आधी माझ्याकडं आणा. जुनी फीत पहिल्याच फेरीत तुटते. आणि ज्यांच्या हातात आज मोबाइल आहे, त्यांनी यंदाच्या मैदानात चित्र घेतलंत तरी दहा मिनिटं कर्ण्याखाली उभं राहून नुसता आवाजही घ्या.

आता ती अकरा मिनिटं लावतो. सुरुवातीला हलगी जोरात आहे, जरा दम धरा. निवेदकानं ‘पट काढला’ म्हटलं की पुढं डाव कोणता पडला ते ज्यांना कळेल त्यांनी हात वर करा. नाव फितीत पुसलं गेलंय, आणि मला ते अजून लागलेलं नाही.