६१ दिवसांचा टीव्ही

(दृश्य: सरजेकोट बंदर, जूनचा पहिला आठवडा. वर ओढलेल्या होड्या, त्यांच्यावर झापं. वाऱ्याचा आवाज.)

मालवणच्या उत्तरेला हे सरजेकोट बंदर. परवापर्यंत इथं पहाटे पाय ठेवायला जागा नव्हती. आज जेटीवर एक कुत्रं ताणून झोपलंय. १ जून उजाडला की यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. १ जून ते ३१ जुलै, मोजून ६१ दिवस. मासळीच्या विणीचे दिवस म्हणून ही बंदी, आणि बंदी नसती तरी या वाऱ्यात समुद्र कुणाला आत घेतोय! होड्या वर आल्या, शाकारून झाल्या. आता दिवसा फाटकी जाळी तुणायची, आणि दिवेलागणीनंतर टीव्ही.

हा लघुपट त्या टीव्हीबद्दल आहे. काय बघावं आणि काय सोडून द्यावं, याबद्दल.

(दृश्य: घराची पडवी. कोपऱ्यात जाळ्याचा ढीग. उघड्या दारातून माजघरातला टीव्ही दिसतो.)

घरात चार माणसं. काका तांडेल आहेत, म्हणजे होडीवरचे म्होरके, वर्षाचे दहा महिने समुद्रावर. काकी, काकांची आई, आणि बारावीतली मुलगी. टोपात आठळ्या उकडतायत. बाहेर पाऊस असा की बोलायचं तर ओरडावं लागतं. काका रिमोट हातात घेतात आणि पडद्यावर निळी पाटी येते : सिग्नल नाही.

कोकणातल्या प्रेक्षकाचं हे जुनं दुखणं. घरात बसून बघायला वेळ मिळतो तो पावसात, आणि डिश बंद पडते तीही पावसातच. यात छत्री बसवणाऱ्या पोराची काही चूक नसते, पण शिव्या तोच खातो. उपग्रहावरून डिशवर येणारी लहर जेमतेम अडीच सेंटिमीटरची. जोराच्या पावसात थेंब तिला शोषून घेतात, विखरून टाकतात, आणि खाली पोचेपर्यंत तिच्यात काही उरत नाही. जुन्या दूरदर्शनची लहर काही मीटर लांबीची होती, तिला पावसाचं सोयरसुतक नव्हतं. तिला आडवे यायचे डोंगर. म्हणून मग अँटेना बांबूला बांधून कौलांवर चढवायची, एकानं वरून ओरडायचं ‘इला काय?’ आणि घरातून उत्तर यायचं ‘गेला!’

आमची पहिली शिफारस या पावसावरूनच ठरली. ज्याचा प्रत्येक भाग आपल्यापुरता पुरा आहे, असं काहीतरी बघा. मधेच लाईट गेली तर फार तर एक गोष्ट बुडते, सगळा धागा नाही.

‘मालगुडी डेज’ घ्या. आर. के. नारायण यांच्या कथा, शंकर नाग यांचं दिग्दर्शन, दूरदर्शनवर १९८६ साली आली. चित्रीकरण झालं कर्नाटकात, शिमोगा जिल्ह्यातल्या आगुंबेत. हे आगुंबे म्हणजे घाटमाथ्यावरचं, आपल्याहून दुप्पट पाऊस झेलणारं गाव. मालगुडीचं स्टेशन म्हणून जे दिसतं ते त्याच जिल्ह्यातलं अरसाळू. पडद्यावर उतरती कौलं, शेवाळलेल्या भिंती, ओटीवर बसलेली माणसं बघून आजी पहिल्या दिवशी म्हणाली, ‘ह्यां आचऱ्याचा घर काय गो?’ नारायणांचं मालगुडी नकाशावर नाही, तेव्हा आजीनं ते आचऱ्यात ठेवलं तर कुणाचं काय बिघडलं? स्वामी नावाच्या शाळकरी पोराच्या गोष्टी मुलांसाठी आहेत असं समजून मोठी माणसं उठून जातात. जाऊ नका. स्वामीचे वडील झालेले गिरीश कर्नाड नुसते चष्म्यावरून बघतात आणि चाळिशीतल्या काकांनाही आपली शाळा आठवते.

दुसरी तशीच : ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’. दिलीप प्रभावळकरांच्याच लेखनावरून केदार शिंदे यांनी २००१ मध्ये आणलेली. टिपऱ्यांच्या घरचे आजोबा, आबा, रात्री वहीत दिवसभराचं लिहितात, आणि त्या दिवसात काय घडलेलं असतं? काहीच नाही. कुणाची वस्तू हरवते, कुणी रुसतं, पाहुणे येतात. शुभांगी गोखल्यांची श्यामला स्वयंपाकघरातून जे बोलते ते या घरच्या काकी रोज बोलतात, फक्त मालवणीत. इतकं साधं काही नंतरच्या मालिकांना का जमलं नाही, हा प्रश्न आम्हाला पडतो. बहुधा कुणाला विष घातल्याशिवाय गोष्ट पुढे जाते, यावरचा विश्वासच उडाला असावा.

(दृश्य: आकेरीचा रस्ता, दुतर्फा झाडी. दूरवर कौलारू वाडा.)

आता घरच्या मालिकेकडे येऊ. सिंधुदुर्गात मालिकांचा विषय काढला आणि ‘रात्रीस खेळ चाले’चं नाव निघालं नाही, असं होत नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत सुरू झाली, कुडाळ तालुक्यातल्या आकेरी गावात चित्रित झाली. आकेरी तोवर लोकांना रामेश्वराच्या देवळासाठी ठाऊक होतं. मालिका आल्यावर गाड्या थांबवून माणसं ‘नाईकांचा वाडा खंय?’ विचारू लागली.

तक्रारीही झाल्या. कोकण म्हणजे भुताखेतांचा आणि करणीचा मुलूख, असं दाखवता म्हणून इथल्याच लोकांनी विरोध केला. तक्रार अगदीच खोटी नव्हती. गोव्याच्या वाटेवर इथं उतरणाऱ्या पाहुण्याला आधीच वाटत असतं की आमच्या प्रत्येक पिंपळावर कुणीतरी बसलेलं आहे. पण मालिकेनं एक काम केलं, त्याची नोंद करायला हवी. मच्छिंद्र कांबळींनी मालवणी रंगभूमीवर गाजवली ती हसवत. त्यामुळे मालवणी बोलणारं पात्र म्हणजे विनोदी पात्र, हे उर्वरित महाराष्ट्राच्या डोक्यात पक्कं बसलेलं. या मालिकेत माणसं मालवणीत दरडावत होती, वाटणीवरून भांडत होती, घाबरत होती, मयताला रडत होती. माधव अभ्यंकरांचे अण्णा नाईक मालवणीत बोलायचे तेव्हा कुणी हसत नव्हतं. हसायला पांडू होता, ‘इसारलंय’ म्हणणारा; ते काम मालिकेचे लेखक प्रल्हाद कुडतरकर स्वतःच करत.

बघायची तर २०१९ चा दुसरा भाग बघा. पहिला भाग अण्णांच्या मरणापासून सुरू होतो. दुसरा मागे जातो, अण्णा जिवंत असतानाच्या काळात. भूत तिथं कमी आहे आणि माणूस जास्त. एका माणसाच्या पैशापुढे आणि दहशतीपुढे अख्खं गाव कसं वाकतं, हे त्यात भुतापेक्षा भीतीदायक आहे. अपूर्वा नेमळेकरांची शेवंता लोकांनी डोक्यावर घेतली ती काही उगीच नाही. २०२१ चा तिसरा भाग मात्र आम्ही सुचवणार नाही. तिथवर भुतालाही कंटाळा आला असावा.

आणि इथं आमची खरी कुरकुर सुरू होते.

(दृश्य: देवळाचा मांड, जत्रेची रात्र. जुनं चित्रण. दशावताराचा तालमोड, पेटी, पखवाज.)

या किनाऱ्यावरची माणसं नाटकाला नवखी नाहीत. कार्तिकापासून जत्रा सुरू झाल्या की दशावतार रात्र रात्र चालतो. लिहिलेले संवाद नाहीत, नट उभ्या उभ्या बोलतात, राक्षस लांबतो, युद्ध लांबतं. आजीनं अशा शेकडो रात्री देवळापुढे घोंगडी टाकून काढल्यात. पण एक गोष्ट तिला पक्की माहीत असते : कितीही लांबला तरी उजाडायच्या आत राक्षस मरणार, दहीकाला होणार, आणि आपण घरी जाऊन पेज टाकणार. उजाडल्यावर कुणी ‘उर्वरित युद्ध उद्या’ असं सांगत नाही.

रोजची मालिका उजाडूच देत नाही. काकांनी एकदा हिशेब मांडला होता, जाळं तुणता तुणता. पाचशे भागांची मालिका, जाहिराती वगळून भाग बावीस मिनिटांचा धरला, तर ११,००० मिनिटं. म्हणजे १८३ तास. बंदीचे दिवस ६१, रोजचे दोन तास धरले तर मिळतात १२२. त्यातून लाईट जाणार ती वजा. ‘म्हंजे राक्षस मरूच्या आधी माका होडी घालूक होयी,’ काका म्हणाले.

म्हणून या घरात आता आधी विचारतात, किती भाग आहेत.

‘पंचायत’ या हिशेबात चोख बसते. पहिल्या मोसमाचे आठ भाग, एकेक साधारण अर्ध्या तासाचा. दोन रात्रींत खलास. ती अ‍ॅमेझॉन प्राइमवर आली ३ एप्रिल २०२० ला, ऐन टाळेबंदीत. बरोबर दोन महिन्यांनी, ३ जूनला, ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन-दिवेआगरकडच्या सुपारीच्या बागा झोपल्या, विजेचे खांब आडवे झाले, कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. मे महिन्यात मुंबईहून पोचलेल्या चाकरमान्यांच्या मोबाईलमध्ये आधीच उतरवून ठेवलेल्या मालिका होत्या. जिथं जनरेटर तिथं मोबाईल चार्ज करायचा आणि रात्री पाच जणांनी एका पडद्याला डोकी लावायची. टाळेबंदीतच दूरदर्शननं जुनं ‘रामायण’ पुन्हा लावलं होतं, तेही आजीनं सगळं पाहिलं, पहिल्यांदाच बघितल्यासारखं.

‘पंचायत’चं फुलेरा गाव उत्तर प्रदेशातलं दाखवलंय, चित्रीकरण मध्य प्रदेशातलं. समुद्र सोडाच, ओहोळसुद्धा नीट दिसत नाही. तरी काकींना तो सगळा कारभार ओळखीचा. कागदावर सरपंच बाई आणि खुर्चीत तिचा नवरा. नीना गुप्ता आणि रघुबीर यादव यांनी ते इतक्या सहज केलंय की कुठल्याही गावातली दोन नावं मनात येतात. नावं आम्ही घेत नाही, आम्हाला इथं परत यायचंय. पहिले दोन मोसम डोळे मिटून सुचवू. पुढे राजकारण वाढतं आणि गंमत थोडी पातळ होते, पण ते तुमचं तुम्ही ठरवा.

(दृश्य: टीव्हीचा पडदा, निळं पाणी. समोर काका, हातातलं जाळं थांबलेलं.)

काकांना गोष्टी फारशा लागत नाहीत. त्यांची आवड ‘ब्लू प्लॅनेट २’. बीबीसीची २०१७ ची मालिका, सात भाग, डेव्हिड अ‍ॅटनबरो यांचं निवेदन. १२५ मोहिमा, ३९ देश. त्यात सेशेल्सजवळचा एक प्रसंग आहे : पाण्याच्या पृष्ठाखाली एक दांडगा मासा, वर उडायला शिकणारी सुरय पक्ष्यांची पिल्लं. मासा पाण्यातून झेप घेतो आणि हवेतच पिल्लू उचलतो. आम्ही तोंडात बोट घातलं. काका म्हणाले, ‘मगे? ह्यात काय नवीन?’ आणि मासा पक्ष्याचा नेम कसा धरतो, पाण्यातून वर बघताना वाकडं दिसतं ते तो कसं जुळवून घेतो, यावर अर्धा तास बोलले. पक्षी खाणाऱ्या माशाचा सुगावा चित्रीकरण करणाऱ्यांना मुळात मच्छीमारांच्या बोलण्यातूनच लागला होता, हे आम्ही सांगितल्यावर त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. समुद्रावरचा माणूस सांगतो त्याला घरची माणसं थापा म्हणतात, हा त्यांचा तीस वर्षांचा अन्याय त्या रात्री दूर झाला.

आता शेवटची, आणि या मोसमात या घरानं सगळ्यात जीव लावून पाहिलेली. ‘ब्रॉडचर्च’. इंग्लंडची, २०१३ ची, पहिल्या मोसमाचे आठ भाग. समुद्रकाठचं छोटं गाव, कड्याखालच्या पुळणीवर अकरा वर्षांचा मुलगा मृत सापडतो. तपासाला बाहेरून आलेला अधिकारी डेव्हिड टेनंट, आणि गावातलीच पोलीस बाई ऑलिव्हिया कोलमन. तिची पंचाईत अशी की संशय ज्यांच्यावर घ्यायचा ते सगळे तिच्या रोजच्या बसण्या-उठण्यातले. बंदरावर राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. इथंही सगळ्यांना सगळ्यांचं माहीत असतं. निदान तसं वाटत असतं.

पण मालिका इंग्रजीत. काकींना थोडी कळते, आजीला अक्षर नाही. मग बारावीतली मुलगी खाली येणारी इंग्रजी अक्षरं वाचते आणि तिथल्या तिथं मालवणीत सांगते.

(दृश्य: अंधारं माजघर. मुलीच्या चेहऱ्यावर पडद्याचा उजेड. आजी तिच्या तोंडाकडे बघते, पडद्याकडे नाही.)

इंग्लंडच्या किनाऱ्यावर ऑलिव्हिया कोलमन काहीतरी पुटपुटते, आणि माजघरातून आवाज येतो, ‘ती म्हणता, माझो इश्वास नाय बसत.’ मधूनच मुलगी गप्प होते, कारण पुढचं वाचून तिलाच धक्का बसलेला असतो. आजी तिला कोपरानं ढोसते : ‘अगो, पुढे काय झाला?’ हे भाषांतर आम्ही तीन रात्री ऐकलं. दोन जागी ते चुकलं. एका जागी मुळापेक्षा चांगलं होतं.

जुलैच्या शेवटी पाऊस उघडीप देऊ लागला. झापं उतरली, इंजिनं चढली, बर्फ भरला. ‘ब्रॉडचर्च’चे दोन भाग राहिले होते, आणि काका १ ऑगस्टच्या पहाटे गेले. काकींनी आणि मुलीनं ते दोन भाग त्याच रात्री पाहून टाकले. आजीसह.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. किनाऱ्याजवळ होते तेवढ्यापुरती रेंज होती. वाऱ्यात आवाज तुटत होता. मासळीचं विचारतील असं आम्हाला वाटलं.

‘गो, कोण निघालो तो?’

काकी हसल्या. ‘सांगूचंय नाय. घराक ये, मगे बघ.’