कोरी ओळ

श्रोतेहो, नमस्कार. आज मार्कडाउनबद्दल बोलूया. साधा मजकूर लिहितानाच शीर्षक कुठलं, यादी कुठली, ठळक शब्द कुठला, हे दोनचार चिन्हांनी दाखवायची ही पद्धत. जॉन ग्रुबर यांनी ती २००४ साली आणली, त्यात ॲरन स्वार्ट्झ यांचाही हात होता. चिन्हांसकटचा मजकूरसुद्धा माणसाला सरळ वाचता यावा, हा त्यांचा आग्रह.

फोन लावताना शून्याच्या डावीकडे चांदणी दिसते, उजवीकडे जाळी. ओळीच्या सुरुवातीला एक जाळी आणि एक मोकळी जागा, की झालं शीर्षक. दोन जाळ्या, उपशीर्षक. शब्दाच्या आधी दोन चांदण्या, नंतर दोन चांदण्या, शब्द ठळक. आणि सगळ्यात मोलाची खूण म्हणजे कोरी ओळ. पुन्हा सांगतो, कोरी ओळ.

आमचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं. गावचे वॉटरमन आबा, नदीकाठच्या विहिरीवरचा पंप वर्षानुवर्षं त्यांच्याच हातात. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ते बेळगावला निघाले, तेव्हा पुतण्यासाठी वहीच्या पानावर सगळं लिहून दिलं. एका ओळीत एक काम. पूर्णविराम कुठंच नाही, पण वहीत तो लागतो कुठं? ओळ संपली की काम संपलं. ते पान मी मार्कडाउनमध्ये उतरवलं. देवनागरीतच, बरं का. आपली पोरं मराठी रोमन अक्षरांत लिहितात ते मला अजिबात पटत नाही. देवनागरी कीबोर्ड आता बहुतेक फोनांत आहे, आजीला नातवाचा निरोप वाचता आला पाहिजे. तर असो. मी पान उतरवलं, छापलं आणि पंपघरात चिकटवलं.

आबांची एक ओळ होती, ‘टाकी रिकामी असेल तर पंप सुरू करायचा’. तिच्या खाली दुसरी, ‘नाही भरली तोवर व्हॉल्व्ह उघडायचा नाही’. मी मध्ये एंटर दाबला होता, पण मार्कडाउनला नुसता एंटर पुरत नाही, मध्ये कोरी ओळ लागते. लागोपाठच्या ओळी तो एकाच परिच्छेदात जोडतो. कागदावर उतरलं ते असं: ‘टाकी रिकामी असेल तर पंप सुरू करायचा नाही भरली तोवर व्हॉल्व्ह उघडायचा नाही’.

पुतण्यानं वाचलं, ‘पंप सुरू करायचा नाही’. त्यानं तेच केलं. आणि दुसऱ्या दिवशी लक्ष्मीची यात्रा! घरोघरी पाहुणे, चुलीवर मोठाली भांडी, आणि नळाला थेंब नाही. पहाटेपासून बायका घागरी घेऊन शेतातल्या विहिरींवर. पोरगं रडकुंडीला आलेलं, हातात तोच कागद. मी तो वाचला आणि माझ्या पोटात गोळा आला. त्याची काही चूक नव्हती, चूक माझ्या टायपिंगची. आबांना दवाखान्यात फोन लावला. ते म्हणाले, “मी दोन ओळी लिवल्या होत्या की रे, तू एक कशी केलीस?”

त्या रात्री बसून दुरुस्त केलं. आधी ओळींना मराठी आकडे दिले. यादी होईना, ओळी पुन्हा एकात एक! मार्कडाउनच्या प्रमाण नियमांत यादीचा आकडा इंग्रजीच लागतो. इंग्रजी एक, टिंब, एक जागा, मग काम. यादीच्या आधी कोरी ओळ. मग प्रत्येक काम आपापल्या ओळीवर बसलं. क्रम नको असेल तर आकड्याऐवजी आडवी रेघ आणि एक जागा. आणि कवितेसारखी नुसती ओळ मोडायची असेल, तर ओळीच्या शेवटी दोन मोकळ्या जागा सोडून एंटर. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून मी त्यांच्यावर विसंबत नाही.

लिहून झालं की प्रीव्ह्यू, म्हणजे छापल्यावर दिसेल तसं पान, उघडा आणि ज्याला काम करायचं आहे त्यालाच मोठ्यानं वाचायला सांगा. नवा कागद मी पोराकडून तसाच वाचून घेतला. खाली त्याच फाइलमध्ये कन्नडमधूनही तीच कामं घातली, कारण मोटार दुरुस्तीला येणारे मेस्त्री कन्नड वाचतात. आबा काठी टेकत परतले, तेव्हा पंपघरात उभं राहून त्यांनी एकेक ओळ बोट ठेवून वाचली, आणि व्हॉल्व्हच्या ओळीवर बोट जरा जास्त वेळ राहिलं.

नमस्कार.