स्टीलची चमक: घासण्याआधी डाग ओळखा

[दृश्य: ओट्यावर कढई आणि पातेलं, शेजारी सिंक]

तिन्ही वस्तू स्टीलच्या, तिन्ही कळाहीन. पण प्रत्येकीवर बसलंय ते वेगळं, म्हणून उपायही वेगळा.

स्टेनलेस स्टीलमध्ये किमान 10.5 टक्के क्रोमियम असतं. हवा लागली की त्यावर क्रोमियम ऑक्साइडचा थर धरतो, जेमतेम काही नॅनोमीटरचा. गंजापासून राखतो तो हाच. ओरखडा पडला तरी तो पुन्हा धरतो. बहुतेक वेळा चमक गेलेली नसते, झाकलेली असते.

[दृश्य: सिंकवरचे पांढरे डाग]

हे बोअरच्या पाण्यातले क्षार. साबणाने हलत नाहीत. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घ्या, त्यात फडकं भिजवून डागावर 10 मिनिटं पसरून ठेवा. व्हिनेगर नसेल तर कपभर कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्व. मग धुऊन लगेच कोरडं पुसा. पाणी तसंच वाळू दिलं तर डाग पुन्हा उमटणार.

पातेल्याच्या तळाची निळी-जांभळी झाक वेगळी. आचेने ऑक्साइडचा थर जाड होतो आणि प्रकाशात रंग दिसतात. अपाय काही नाही. लिंबाची फोड फिरवली की जाते.

[दृश्य: करपलेली कढई]

करपलेला भाग बुडेल एवढं पाणी, 2 चमचे खाण्याचा सोडा, मंद आचेवर 10 मिनिटं उकळी. मग लाकडी उलथन्याने खरवडा. इथे घाईने लोखंडी तारेची घासणी घेतली जाते आणि खरी बिघाडी तिथेच होते. तिचे बारीक कण स्टीलवर अडकतात, गंजतात, आणि बोल लागतो स्टीलला!

आता पॉलिश. 3 चमचे सोडा, 1 चमचा पाणी, दाटसर लेप. सिंक किंवा फ्रिजचं दार उजेडात तिरपं बघा, बारीक समांतर रेघा दिसतील. ओल्या मऊ फडक्याने त्याच दिशेने चोळा. आडवं किंवा गोल घासलं तर नव्या चऱ्यांवर प्रकाश विखुरतो आणि पृष्ठभाग मंद दिसतो. आरशासारख्या गुळगुळीत स्टीलला सोडाही आधी कोपऱ्यात लावून बघा. टूथपेस्ट चालते, पण तिच्यातले घासणारे कण किती जाड ते पाकिटावर लिहिलेलं नसतं.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र करायची पद्धत फार लोकप्रिय आहे. फेस छान येतो, काम होत नाही: आम्ल आणि अल्क एकमेकांना मारतात, उरतं जवळजवळ खारट पाणी. आधी सोडा, धुवा, मग व्हिनेगर.

[दृश्य: तळावरचे टाचणीएवढे खड्डे]

हे क्लोराइडचं काम, ते मिठात आणि ब्लीचमध्ये असतं. गार पाण्यात टाकलेलं मीठ तळाशी बसून राहतं, किंवा ब्लीच तासन्‌तास पडून राहतं. घरच्या पॉलिशने हे खड्डे भरत नाहीत. मीठ पाणी उकळल्यावरच घाला. ब्लीचमध्ये व्हिनेगर कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.

शेवटी फ्रिजच्या दारावरचे बोटांचे ठसे. कोरड्या फडक्यावर खोबरेलाचे 2-3 थेंब, रेघांच्या दिशेने एक हात, मग दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसून काढा, नाहीतर धूळ चिकटते. गॅसच्या शेगडीला मात्र तेल नको. आचेने ते पिवळं, चिकट होऊन बसतं.