माळ्यावरचा व्हिडिओ गेम दुरुस्त करताना

मित्रहो, नव्वदच्या दशकात हौसेने घेतलेला कॅसेटचा व्हिडिओ गेम पुण्यातल्या कितीतरी घरांत अजून माळ्यावर जपून ठेवलेला असतो. दिवाळीच्या साफसफाईत तो खाली येतो, टीव्हीला जोडला जातो, पडदा काळाच राहतो आणि घरातले कोणीतरी म्हणते, "हा आता कामातून गेला." या घाईच्या निकालाविरुद्ध मला आज बोलायचे आहे. आपल्याकडे मिळणारे हे बहुतेक खेळ जपानमध्ये १९८३ साली आलेल्या निन्टेंडो कंपनीच्या फॅमिकॉम या खेळाच्या धर्तीवर बनवलेले होते. त्यांतला बिघाड पुष्कळदा चिपमध्ये नसतोच. वीज आत येते त्या वाटेवर, किंवा धातूला धातू टेकतो अशा जागी तो असतो आणि या दोन्ही जागा व्होल्ट आणि रोध मोजणाऱ्या साध्या मल्टिमीटरने घरी तपासता येतात. मात्र मोजण्याआधी सोल्डरिंग गन हातात घेऊ नये, एवढे पथ्य पाळायला हवे.

सुरुवात ॲडॉप्टरपासून करावी. जुन्या, वजनदार ॲडॉप्टरवर ९ व्होल्ट लिहिलेले असते, पण तो मोकळा मोजला तर १२-१३ व्होल्टही दिसतात आणि ॲडॉप्टर ठणठणीत आहे असा समज होतो. खरी परीक्षा त्याच्यावर भार पडल्यावर होते. म्हणून खेळाचे झाकण उघडून, बटण चालू ठेवून, आतल्या ७८०५ या तीन पायांच्या रेग्युलेटरपाशी, म्हणजे येणारी वीज ५ व्होल्टवर स्थिर ठेवणाऱ्या भागापाशी, मोजावे. त्यावरचे अक्षर आपल्याकडे आणि पाय खाली ठेवले, तर डावा पाय येणाऱ्या विजेचा, मधला ग्राउंडचा (ऋण बाजूचा) आणि उजवा ५ व्होल्ट बाहेर देणारा असतो. डाव्या पायावर ७ व्होल्टपेक्षा कमी मिळत असतील तर रेग्युलेटरला ५ व्होल्ट स्थिर राखता येत नाहीत, चित्र फुटते किंवा खेळ पुन्हापुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. अशा वेळी दोष ॲडॉप्टरचा, बहुधा त्यातल्या सुकलेल्या कॅपॅसिटरचा, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागाचा, असतो. डावीकडे वीज पुरेशी आहे आणि उजवीकडे काहीच नाही, असे दिसले तर वीज बंद करून उजव्या आणि मधल्या पायांमधला रोध मोजावा. तो शून्याजवळ असेल तर पुढे कुठेतरी शॉर्ट आहे, म्हणजे वीज आडवाटेने थेट ग्राउंडला जाते आहे. तसे नसेल तर रेग्युलेटर बदलावा. बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या परिसरात तो किरकोळ किमतीत मिळतो.

डाव्या पायावरही वीज नसेल, तर ॲडॉप्टरची पिन जिथे खोचली जाते त्या सॉकेटकडे भिंगातून पाहावे. वर्षानुवर्षे पिन ओढून काढल्यामुळे सॉकेटच्या पायाभोवतीच्या सोल्डरला केसाएवढी गोल भेग पडते. नुसत्या डोळ्यांना ती जागा अखंड वाटते, पण सॉकेट बोटाने हलवले की पाय त्या कड्यात किंचित डुलतो. जुने सोल्डर काढून नवे भरले की काम होते. नवा ॲडॉप्टर घेताना मात्र त्याची मधली पिन धन आहे की ऋण, हे जुन्यावरच्या चिन्हाशी ताडून पाहावे, कारण मूळ फॅमिकॉमची मधली पिन ऋण असते.

पडदा उजळतो, पण चित्राऐवजी रंगीत चौकोन दिसतात, तेव्हा कॅसेटच्या साठ संपर्कपट्ट्यांकडे वळावे. लहानपणी आपण सगळेच त्यांवर फुंकर मारत होतो. फायदा व्हायचा तो कॅसेट काढून पुन्हा बसवल्याचा. श्वासातल्या ओलाव्याने पट्ट्या उलट गंजतात, आणि पुण्याच्या पावसाळ्यात त्यात भरच पडते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला सुती बोळा पट्ट्यांच्या लांबीच्या दिशेने फिरवावा आणि तो स्वच्छ निघेपर्यंत बदलत राहावा.

कंट्रोलरची रचना मला फार आवडते. त्यातली एक छोटी चिप आठ बटणांची स्थिती एकामागून एक, एकाच तारेवरून पाठवते. त्यामुळे एकच बटण चालत नसेल तर दोष त्या बटणाखालच्या रबराच्या काळ्या टिकलीत किंवा तिच्याखालच्या मळक्या कार्बनमध्ये शोधावा, आणि आठही बटणे एकदम मेली असतील तर वायर तपासावी. ती बहुधा कंट्रोलरमधून बाहेर पडते तिथेच आतून तुटलेली असते. मल्टिमीटर बीपवर (तार अखंड असली की तो वाजतो) ठेवून एकेक तार तपासली की तुटलेली लगेच सापडते. तेवढा तुकडा कापून टाकावा आणि उरलेली वायर रंग पाहून पुन्हा जोडावी.

हे सारे धाडस मी सुचवतो, कारण या खेळाच्या डब्यात ९ व्होल्टच येतात. प्लेस्टेशन ४ सारख्या यंत्रात २३० व्होल्टचा पुरवठा थेट आत जातो आणि प्लग काढल्यावरही त्यातल्या कॅपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टच्या आसपास दाब शिल्लक राहू शकतो. त्याच्या पंख्यातली धूळ जरूर काढावी, पॉवर सप्लायचा डबा मात्र उघडू नये.

स्वस्त खेळांत सगळे काम करणारी चिप काळ्या रेझिनच्या थेंबाखाली झाकलेली असते. ५ व्होल्ट नीट मिळत आहेत, कॅसेट दुसऱ्या खेळात चालते आहे, टीव्हीचा इनपुटही बरोबर आहे आणि तरी पडदा काळाच आहे, असे असेल तर ती चिप गेली असे समजावे. ती बदलता येत नाही. अशा खेळाचे सॉकेट, बटणे, कॅसेटचा कनेक्टर आणि कंट्रोलर काढून नावाच्या चिठ्ठ्या लावून ठेवावेत, म्हणजे शेजारच्या घरातला खेळ दुरुस्त करायला ते उपयोगी पडतील.